घरी वाचन-प्रार्थना नियमित होत असताना मंडळीचे सभासदत्व कशासाठी?

प्रश्न – काठावरचा

सर्वांना सप्रेम सलाम.

गेली तीन वर्षे मी कोणत्याही मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सभासद नाही. विश्वास सोडलेला नाही, हे आधीच स्पष्ट करतो. सकाळी पवित्र शास्त्राचे वाचन होते, प्रार्थना होते, रविवारी इंटरनेटवर एखाद्या जाणत्या वक्त्याचा संदेश ऐकतो, आणि खरे सांगायचे तर जुन्या मंडळीत वर्षानुवर्षे जे ऐकत आलो त्यापेक्षा हे संदेश कितीतरी अभ्यासपूर्ण असतात. दशांश बाजूला काढून गरजूंना थेट देतो. त्यामुळे माझे आत्मिक जीवन खालावले आहे, असे मला तरी वाटत नाही.

मंडळी सुटण्यास एक कारण घडले. ते लिहिल्याशिवाय प्रश्न अर्धवट राहील. माझी आई चौदा महिने अंथरुणाला खिळून होती. ज्या मंडळीत तिने तीस वर्षे लहान मुलांचा वर्ग घेतला, त्या मंडळीचे पाळक त्या चौदा महिन्यांत दोनदा आले, आणि दुसऱ्या भेटीतला निम्मा वेळ त्यांनी कमिटीच्या निवडणुकीत कोण कोणाच्या बाजूने आहे हे सांगण्यात घालवला. तिच्या अंत्यविधीला मात्र सगळे लोटले. तिच्या सेवेविषयी भरभरून बोलले गेले. पुढच्या रविवारी मी तयार होऊन दारापर्यंत गेलो आणि चपला न घालताच परत फिरलो. त्याच्या पुढच्या रविवारी दारापर्यंतही गेलो नाही. मी का येत नाही, हे विचारायला आजतागायत कोणी आलेले नाही.

अलीकडे एका जुन्या स्नेह्याने मला इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायातील ते पंचविसावे वचन पाठवले, ज्यात एकत्र मिळणे सोडू नये असे सांगितले आहे. वचन मला पाठ आहे. पण ज्याने वधस्तंभावर शेवटच्या घटकेला येशूची विनवणी केली, त्या चोराला कोणती मंडळी होती? इथिओपियाचा तो षंढ अधिकारी बाप्तिस्मा घेऊन आनंद करीत आपल्या वाटेने निघून गेला. पुढे तो कोणत्या मंडळीत जात होता, हे ती हकीकत सांगणाऱ्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या लेखकाने, लूकने, लिहिलेले नाही.

तारणासाठी मंडळी आवश्यक आहे का, असा माझा प्रश्न नाही. त्यावर पंथापंथांची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि त्या वादात मला पडायचे नाही. मला इतकेच विचारायचे आहे की, गाणे-बजावणे आणि चार ओळखी सोडल्या, तर ख्रिस्ती माणसाला मंडळीत राहून असे काय मिळते, जे घरी एकट्याला मिळू शकत नाही?

उत्तर – जुनी पाने

आपला प्रश्न फार जुना आहे आणि तो एका मोठ्या विद्वानाने विचारून झालेला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. चौथ्या शतकात रोममध्ये मारियुस व्हिक्टोरिनस नावाचा वक्तृत्वशास्त्राचा नामांकित आचार्य होता. त्याच्या हयातीतच रोमच्या चौकात त्याचा पुतळा उभारला गेला होता. उतारवयात त्याने ख्रिस्ती ग्रंथ बारकाईने वाचले आणि आपला मित्र सिम्प्लिकियानुस याला तो खाजगीत सांगू लागला की, मी आता ख्रिस्तीच आहे. सिम्प्लिकियानुसचे उत्तर ठरलेले असे : तुला ख्रिस्ताच्या मंडळीत पाहीपर्यंत मी ते मानणार नाही. त्यावर व्हिक्टोरिनस हसून विचारी, म्हणजे भिंतींमुळे माणूस ख्रिस्ती होतो की काय? हा संवाद त्यांच्यात वरचेवर होत असे, असे पुढे बिशप झालेल्या ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात नोंदवले आहे, आणि त्याला ही हकीकत खुद्द सिम्प्लिकियानुसने सांगितली होती.

ऑगस्टीन पुढे लिहितो की, त्या थट्टेमागे धास्ती होती. आपल्या प्रतिष्ठित मित्रांचा रोष ओढवेल, ही व्हिक्टोरिनसची खरी अडचण होती. मग एके दिवशी तो अचानक म्हणाला, चल, मंडळीत जाऊ, मला ख्रिस्ती व्हायचे आहे. रोमच्या रीतीप्रमाणे बाप्तिस्मा घेणाऱ्याने उंच जागी उभे राहून सर्वांदेखत विश्वासाचा अंगीकार करायचा असे. धर्मगुरूंनी त्याला तो खाजगीत करण्याची सवलत देऊ केली, ती त्याने नाकारली. तो वर चढला, तेव्हा त्याला ओळखणाऱ्यांनी त्याचे नाव उच्चारले आणि ते दबक्या आवाजात सगळ्या जमावातून फिरले. आपल्यावर मी भीतीचा आरोप करीत नाही. आपले कारण वेगळे आहे आणि ते खरे आहे. भिंतींविषयी व्हिक्टोरिनसचे म्हणणेही बरोबरच होते. परंतु भिंतींच्या आत जी माणसे होती, त्यांच्यापुढे उभा राहीपर्यंत त्याचा विश्वास त्याच्या वाचनाचाच एक भाग होता, आणि वाचनातला विश्वास तपासायला कोणी नसते. आपण स्वतः तर तो मुळीच तपासत नाही.

आता ‘काय मिळते’ याकडे वळतो. या विश्वासातल्या काही गोष्टी अशा आहेत की, दुसरा माणूस असल्याशिवाय त्या घडतच नाहीत. बाप्तिस्मा कोणी स्वतःला देत नाही. प्रभुभोजनाची भाकर कोणीतरी मोडून आपल्या हातावर ठेवावी लागते. तुझ्या पापांची क्षमा झाली आहे, हे वाक्य मी आरशासमोर उभा राहून म्हणू शकतो, पण मला पुरते ओळखणाऱ्या माणसाने ते माझ्याकडे पाहून म्हटले की त्याचे वजन वेगळे असते. प्रेषित पौलाचे पाहा. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर साक्षात प्रभू त्याच्याशी बोलला. याहून थेट अनुभव कोणता असणार? तरीही प्रभूने त्याला तिथे सर्व काही सांगितले नाही. नगरात जा, तुला काय करायचे ते सांगण्यात येईल, एवढेच सांगितले. तीन दिवस तो आंधळा बसून होता. मग हनन्या नावाचा एक शिष्य, ज्याला ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या या माणसाकडे जायचे म्हटल्यावर कापरे भरले होते, तो त्या घरात आला, त्याने पौलावर हात ठेवले आणि त्याला ‘भाऊ’ म्हणून हाक मारली. पौलाला दिसू लागले ते त्या हाकेनंतर.

आणखी एका तपशिलापाशी मी नेहमी थांबतो. इ.स. 155 च्या सुमारास जस्टिन मार्टिर या ख्रिस्ती लेखकाने रोमच्या सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या निवेदनात रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात, अध्यक्ष बोध करतो, सर्व उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस वाटला जातो, आणि जे आलेले नाहीत त्यांचा वाटा डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, त्यांच्याकडे पोहोचवतात. ऐपत असणारे स्वेच्छेने जे देतात त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांची सोय लावली जाते. म्हणजे भाकर मोडली जात असताना, आज कोण आलेले नाही, हे कोणाला तरी ठाऊक असे. स्पेनमधील एल्विरा येथे चौथ्या शतकाच्या आरंभी भरलेल्या परिषदेने तर असा नियम केला की, नगरात राहूनही जो लागोपाठ तीन रविवार येणार नाही त्याला काही काळ बाहेर ठेवावे. नियम कडक आहे आणि मला स्वतःला तो पेलला नसता. पण तो लागू करायचा म्हटला तरी आधी कोणीतरी गैरहजेरी मोजलेली असावी लागते. आपली गैरहजेरी तीन वर्षे कोणी मोजली नाही, हे वाचून मला त्या मंडळीची अधिक काळजी वाटली.

उत्तर – मुक्त वाचक

वरील उत्तराचा आदर राखून असहमती नोंदवतो. ज्याचे आपण ‘मंडळी’ असे भाषांतर करतो तो ‘एक्लेसिया’ हा ग्रीक शब्द नव्या करारात माणसांच्या समुदायासाठी आलेला आहे; इमारत, घटना, कमिटी आणि निवडणूक यांच्यासाठी नाही. प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी मंडळी जमत असे, फिलेमोनाच्या घरी जमत असे. आज आपण जिला सभासदत्व म्हणतो ती वर्गणी आणि मतदानाचा हक्क यांचा त्या घरगुती मेळाव्यांशी किती संबंध उरला आहे, हे प्रत्येकाने तपासून पाहावे.

जपानमध्ये कांझो उचिमुरा (1861–1930) यांनी पाश्चात्त्य मिशनांमधील पंथभेदांना विटून ‘मंडळीविना ख्रिस्ती धर्म’ अशी भूमिका मांडली आणि 1901 मध्ये त्याच नावाचे मासिक सुरू केले. त्यांच्या परंपरेत दीक्षित धर्मगुरू नाहीत आणि संस्कारांची सक्ती नाही. प्रश्नकर्त्याने दोन-तीन विश्वासू माणसे शोधावीत, त्यांच्यासह शास्त्र वाचावे आणि नावनोंदणीचे ओझे मनावर घेऊ नये, असे माझे मत आहे. नोंदवहीत नाव असलेले कितीतरी जण वर्षातून दोनदा तोंड दाखवतात. त्यांच्या तुलनेत प्रश्नकर्ता अधिक मंडळीत आहे.

उत्तर – जुनी पाने

उचिमुरांचा उल्लेख झाला हे बरे झाले. त्यांचे अनुयायी करतात काय, तर शास्त्राभ्यासासाठी रविवारी एकत्र जमतात. संस्था नाकारून झाली, एकत्र येणे काही त्यांना नाकारता आले नाही. आपण सुचवलेली दोन-तीन माणसेही लवकरच एकमेकांना विचारू लागतील की मागच्या वेळी कुठे होतास. मग नोंदवही कागदावर असो वा नसो.

जपानचाच विषय निघाला आहे म्हणून आणखी थोडे. 1614 मध्ये तिथे ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी आली. पुढच्या काही दशकांत एकही धर्मगुरू उरला नाही आणि लपून राहिलेल्या विश्वासी कुटुंबांना दोनशेहून अधिक वर्षे मिस्सा (कॅथोलिकांची प्रभुभोजनाची उपासना) मिळाली नाही. चर्चची इमारत नव्हती, ग्रंथ जवळजवळ नव्हते, आणि नाव उघड होणे म्हणजे मरण होते. अशा स्थितीत प्रत्येकाने आपापल्या घरी विश्वास जपला असता, तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी तसे केले नाही. गावोगाव त्यांनी कामे वाटून घेतली : एकाने बाप्तिस्मा द्यायचा, एकाने सणांचे दिवस मोजून ठेवायचे, एकाने घरोघर निरोप पोहोचवायचे. 17 मार्च 1865 रोजी नागासाकीतील नव्या चर्चमध्ये ही मंडळी जेव्हा एका फ्रेंच धर्मगुरूसमोर येऊन उभी राहिली, तेव्हा एवढ्या काळात बाप्तिस्म्याची परंपरा तुटलेली नव्हती. इमारतीविषयी आपण जे म्हणता ते मला मान्य आहे. पण त्या निरोप्याचे काम कोणी एकटा विश्वासी स्वतःपुरते करू शकला नसता.

उत्तर – सेविका

आपल्या आईविषयी वाचल्यावर मला लगेच काही लिहिता आले नाही. मी आमच्या मंडळीत अकरा वर्षे डीकन म्हणून सेवा करते, आणि आपण वर्णन केलेली चूक आमच्या हातूनही झालेली आहे. पक्षाघाताने घरी पडलेल्या एका वृद्ध सभासदाकडे नऊ आठवडे आमच्यापैकी कोणीही फिरकले नाही. प्रत्येकाची समजूत अशी की दुसरे कोणी जात असेल. आम्हाला कळले ते त्यांच्या शेजाऱ्याकडून, आणि तो शेजारी मंडळीतला नव्हता. त्यांच्या पत्नीने दार उघडले, आम्हाला आत घेतले, खुर्च्या पुढे केल्या आणि एक शब्दही ऐकवला नाही. त्यांनी चार शब्द ऐकवले असते तर बरे झाले असते.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने वाचते. पहिली मंडळी, प्रेषित डोळ्यांदेखत वावरत आहेत, पन्नासाव्या दिवसाचा, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याचा, अनुभव ताजा आहे. आणि तरीही ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होत होती, म्हणून कुरकुर सुरू झाली. लूकने ती झाकली नाही. प्रेषितांनीही कुरकुर करणाऱ्यांना विश्वासात उणे ठरवले नाही. त्यांनी सात माणसे निवडायला सांगितली. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती बहुधा वाटप सोपवले गेले. आम्ही डीकन लोक आमच्या सेवेचे मूळ त्या प्रसंगात शोधतो. तक्रारीतून जन्मलेली सेवा आहे ही, आणि याचा आम्हाला फार लवकर विसर पडतो.

आता एक गोष्ट स्पष्टच विचारते, राग मानू नये. ज्या वक्त्याचे संदेश आपण तीन वर्षे ऐकत आहात, तोही आपल्या आईला भेटायला आलेला नाही. त्याच्याविषयी आपली तक्रार आहे का? नसणारच, कारण त्याला आपले नावही ठाऊक नाही आणि तो येईल अशी अपेक्षा आपण कधी केली नव्हती. तक्रार मंडळीविषयी आहे, कारण मंडळीने यायला हवे होते. मंडळीत काय मिळते, याचे उत्तर मला आपल्या या तक्रारीतच दिसते. तिथे कोणीतरी आपले देणे लागते आणि आपणही कोणाचे तरी देणे लागतो. ते देणे त्यांनी बुडवले. ज्याच्याकडे आपले काही येणेच नाही, त्याच्याकडून अशी जखम होत नाही, हे खरे. पण पडत्या काळात त्याची वाटही पाहता येत नाही.

महिन्यातून दोनदा मी पाळकांबरोबर घरीच असलेल्या सभासदांकडे प्रभुभोजन घेऊन जाते. एका डबीत भाकरीचे तुकडे, एक लहानशी बाटली, अंगठ्याएवढे चार पेले आणि एक पांढरा रुमाल, एवढेच सामान. एक आजी आहेत, त्यांना आता स्वतःच्या मुलांची नावे आठवत नाहीत, आणि माझ्या चेहऱ्याकडे त्या दर वेळी नव्याने पाहतात. रुमाल अंथरला की मात्र त्या एका तळहातावर दुसरा तळहात ठेवून हात पुढे करतात. प्रभूची प्रार्थना आम्ही सुरू करतो तेव्हा पहिल्या ओळीला त्या गप्प असतात. रोजच्या भाकरीच्या ओळीपाशी येऊन सामील होतात आणि तिथून शेवटपर्यंत चुकत नाहीत. त्यांना प्रार्थना कर म्हणून एकटे बसवले, तर आज त्यांच्याकडून एक ओळही होणार नाही, हे त्यांच्या सुनेने करून पाहिले आहे. दुसऱ्यांचे आवाज सोबत असले की होते. त्या प्रार्थनेत ‘मला’ असा शब्द कुठेही नाही, सगळीकडे ‘आम्हाला’ आहे, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले होते. त्याचा अर्थ मला त्या खोलीत कळला.

उपायाविषयी थोडे लिहिते, कारण नुसत्या हळहळीने कोणाच्या घरी कोणी जात नाही. 1742 मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील मेथडिस्ट पंथाच्या लोकांनी सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सभासदांचे साधारण बारा-बारा जणांचे गट पाडले आणि प्रत्येक गटाच्या प्रमुखाने दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायची, असे ठरवले. पैशासाठी घरोघर फिरताना त्या प्रमुखांना कोण आजारी आहे, कोणाच्या घरात भांडण आहे, कोण जुन्या व्यसनाकडे वळले आहे हे कळू लागले. त्यांचा पुढारी जॉन वेस्ली याच्या लक्षात आले की, आपण इतके दिवस ज्या देखरेखीच्या शोधात होतो ती हीच आहे. त्या नऊ आठवड्यांच्या प्रसंगानंतर आम्हीही घरे वाटून घेतली. माझ्याकडे तेरा घरे आहेत. सगळीकडे वेळेवर जाणे होते, असा दावा मी करणार नाही.

उत्तर – सावध

वरील उत्तरे चांगल्या मंडळीत वाढलेल्या लोकांची आहेत, असे वाटते. मी जिथे होते तिथे गैरहजेरी मोजली जात होती, अगदी काटेकोरपणे, आणि दुसऱ्या दिवशी जाब विचारायला माणूस येत असे. नोकरी बदलायची तर पाळकांना विचारून, लग्न ठरवायचे तर पाळकांना विचारून. अर्पणाचा हिशेब मागितला की मागणाऱ्यात बंडखोरीचा आत्मा आहे, असे व्यासपीठावरून सांगितले जाई. इब्री लोकांस पत्रातील ते वचन माझ्यावर चाबकासारखे वापरले गेले आहे, म्हणून त्याविषयी दोन शब्द लिहिते. ते पत्र मालमत्तेची लूट आणि अपमान सोसलेल्या लोकांना लिहिलेले आहे. त्याच अध्यायात तसे म्हटले आहे. त्यांना सांगितले आहे की, एकमेकांना प्रीती आणि सत्कर्मे करण्यास उत्तेजन द्या आणि त्यासाठी एकत्र मिळणे सोडू नका. ‘एकमेकांना’ हा शब्द वगळला की त्या वचनाचे हुकमात रूपांतर होते.

एकत्र येणे नेहमी हितकारकच असते, असे पौलानेही म्हटलेले नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तो स्पष्ट लिहितो की, तुमच्या जमण्याने हितापेक्षा हानीच होते. कारण तिथे श्रीमंत आधी जेवून घेत होते आणि गरीब उपाशी राहत होते. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा पुढारी आहे, ज्याला सर्वांत पुढे राहण्याची हौस होती आणि जो पाहुण्या बंधूंचे स्वागत करणाऱ्यांनाच मंडळीतून बाहेर काढत होता. म्हणजे अशा मंडळ्या प्रेषितांच्या काळापासून आहेत आणि त्यांतून बाहेर पडणारा ख्रिस्ताला सोडतो, असे नाही.

तरीही मी आज एका मंडळीत आहे. पहिले वर्षभर मी शेवटच्या बाकावर बसत असे आणि आशीर्वाद होताच निघून जात असे. माझे नाव, पत्ता, मागची मंडळी, काहीही कोणी विचारले नाही. शेजारी बसणाऱ्या एका बाईंनी फक्त गीतपुस्तकाचे पान उघडून माझ्यापुढे सरकवले, दर रविवारी, न बोलता. पुढच्या वर्षी मी स्वतःहून हिशेबाच्या सभेला बसले आणि मुद्दाम एक अवघड प्रश्न विचारला. खजिनदारांनी वही माझ्याकडे फिरवली. त्या दिवशी मी सभासदत्वाचा अर्ज मागितला. प्रश्नकर्त्यानेही घाई करू नये. आधी पाहावे की तिथे ‘नाही’ म्हणता येते का.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – काठावरचा

सर्वांचे आभार. सेविका यांच्या प्रश्नाला मी चार दिवस उत्तर देऊ शकलो नाही. त्या वक्त्याविषयी माझी तक्रार नाही, हे खरे आहे.

या निमित्ताने आईची वही काढली. मुलांच्या वर्गाची हजेरी आहे, तारखांचे रकाने तिने पट्टीने आखलेले. गैरहजर मुलाच्या नावापुढे बारीक अक्षरात नोंदी आहेत : ‘घरी जाऊन आले. ताप.’ ‘घरी जाऊन आले. वडिलांची नोकरी गेली.’ ‘घरी जाऊन आले. कुलूप.’ शेवटच्या पानांवर मुले नाहीत. वर्ग सोडल्यावर ती ज्या तीन वृद्ध बायकांकडे जात असे त्यांची नावे आहेत. त्यांपैकी एकीच्या नावापुढची शेवटची तारीख आई अंथरुणाला खिळली त्याच आठवड्यातली आहे. त्यानंतर त्या बाईंकडे कोण गेले, मला ठाऊक नाही. घर मला माहीत होते. आईला सोडायला मी दोनदा तिथे गेलो होतो.

सावध यांचे म्हणणे मला पटते, आणि जुन्या मंडळीत परत जाऊन त्याच लोकांसोबत बसणे आज तरी मला शक्य नाही. घरापासून चालत जाण्याजोगी दुसऱ्या पंथाची एक मंडळी आहे. तिथे जायचे तर जुन्या मंडळीकडून काही दाखला आणावा लागतो का? आणि माझा बाप्तिस्मा लहानपणी झालेला आहे. तो पुन्हा घ्यावा लागेल का?

उत्तर – सेविका

उपासनेला बसण्यासाठी कोणताही दाखला लागत नाही. सभासदत्व बदलायचे असेल तेव्हा बहुतेक मंडळ्या आधीच्या मंडळीचे बदलीचे पत्र मागतात. ते मिळण्यास अडचण आली, तर बाप्तिस्म्याचा दाखला दाखवून पाळकांशी मोकळेपणाने बोलावे, मार्ग निघतो. बाप्तिस्म्याविषयी : कॅथोलिक, अँग्लिकन, लूथरन आणि मेथडिस्ट मंडळ्या पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने पाण्याने झालेला बाप्तिस्मा मान्य करतात आणि तो पुन्हा देत नाहीत. बॅप्टिस्ट आणि बहुतेक पेंटेकोस्टल मंडळ्या बालपणीचा बाप्तिस्मा मान्य करीत नाहीत, म्हणून तिथे आधी विचारून घ्यावे. प्रभुभोजनाविषयीही पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे, कारण काही पंथांत ते बाहेरच्या सभासदाला दिले जात नाही, आणि ऐन वेळी परत फिरावे लागले तर मनाला लागते.

त्या बाईंकडे जाण्यापूर्वी त्या अजून त्याच घरी राहतात का, हे ज्यांनी आपल्याला ते वचन पाठवले त्या स्नेह्यांना विचारावे. ते अजून त्याच मंडळीत असतील, तर त्यांना ठाऊक असेल. आणि ठाऊक नसेल, तर त्यांनाही सोबत घेऊन जावे.